शकुंतला कोणाच्या हद्दीत येते?

अमरावती, अकोला आणि यवतमाळ–वाशीम या तीन लोकसभा मतदारसंघांच्या माननीय खासदारांस,

स. न. वि. वि.

शकुंतला, म्हणजे अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ अशी धावणारी आमची बंद पडलेली छोटी रेल्वे, तिच्याबद्दल तुम्हा तिघांना मिळून हे एकच पत्र लिहिते आहे. तिघांना तीन लिहिली असती, तर तीन पोचपावत्या आल्या असत्या आणि प्रत्येकीत आपापल्या हद्दीपुरतं बोलणं असतं. म्हणून कागद एक, वाचणारे तीन. आधी कुणी वाचायचा ते आपसांत ठरवा. त्या निमित्ताने तरी तिघं एकमेकांशी बोलाल.

माझं माहेर पथ्रोटचं, सासर कारंज्याचं. माहेर अमरावती मतदारसंघात, सासर यवतमाळ–वाशीममध्ये, आणि गाडी बदलायची ते मूर्तिजापूर अकोल्यात. लग्न होऊन चाळीस वर्षं उलटली, तरी हे मतदारसंघाचं गणित मला कधी सुचलं नव्हतं. गाडी चालू होती तोवर सुचायचं कारणही नव्हतं. बंद पडल्यावर कुणाकडे जायचं हा प्रश्न आला, तेव्हा कळलं की आपण तीन दारांच्या मधोमध उभे आहोत.

१९८३ साली माझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी मुलाची नोकरी पाहिली, घरची शेती पाहिली आणि मग अंगणात बसून बोटांवर स्टेशनं मोजली. पथ्रोट, अंजनगाव, कापूसतळणी, बनोसा, लाखपुरी, मूर्तिजापूर. तिथे गाडी बदलली की कारंजा. "झालं तं," म्हणाले, "रूळ आपल्या गावातून निघते न तिच्या गावात जाते. पोरगी काई लांब नाई चालली." मायचं रडणं त्या वाक्यावर थांबलं होतं, हे मला अजून आठवतं.

तेव्हा वाफेचं इंजिन होतं. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं ते इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत आमच्या रुळांवर राबलं, मग डिझेल आलं. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचवायला ही लाईन टाकली आणि तो ओढायला इंजिनही मँचेस्टरचंच आलं. गोऱ्या साहेबाचा हिशेब असा दोन्हीकडून पक्का. पहिल्या दिवाळीला मी माहेरी निघाले ती मोतिया रंगाचं पातळ नेसून. पथ्रोटला उतरले तेव्हा त्यावर बारीक काळे टिपके. मायने ओवाळायच्या आधी पाहिलं नि म्हणाली, "इंजिनच्या मांगच्या डब्यात बसली होती वाट्टे." लुगड्यावरच्या टिपक्यांवरून डबा ओळखणारी माणसं होती आमच्याकडे.

वेगाची बढाई मी मारणार नाही. अचलपूर ते मूर्तिजापूर ७७ किलोमीटर, त्याला चार तास. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, त्याला जवळजवळ सबंध दिवस. फाटक आलं की गाडी अलीकडे थांबे. गाडीतलाच एक माणूस उतरून फाटक लावी. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येऊन चढे. तिकिटं देणं, इंजिन सोडवणं-जोडणं, झेंडी दाखवणं, सगळं त्याच मूठभर माणसांकडे. मधल्या एखाद्या स्टेशनावर म्हातारी लांबून पदर हलवत येताना दिसली की गार्ड शिट्टी तोंडात धरून उभा राही, वाजवत नसे. माय म्हणायची, "गाडी वाट पायते वं, एस्टी नाई पायत."

आणि डब्यात कोण असायचं? अंजनगावच्या पानमळ्यांतून निघालेल्या पानांच्या टोपल्या, वरून ओलं पोतं टाकलेल्या. पानपिंपरीची पोती; त्या वासाने शिंका आल्या की अंजनगाव आलं म्हणून झोपलेलेही उठायचे. दर्यापूरच्या कॉलेजात जाणारी पोरं. अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे निघालेले, हातात एक्स-रेचा लिफाफा धरलेले लोक. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की या गावच्या बाया त्या गावच्या वावरात निघायच्या, मग डब्यात पाय ठेवायला जागा नसे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. तिथे विहिरीला पाणी लागतं, पण पिण्याजोगं नाही. त्या भागात डब्यात कुणी पाणी मागितलं की आधी विचारणा होई, "कुठचं भरलं?" पथ्रोटचं म्हटलं की चार अनोळखी ओंजळी पुढे यायच्या.

नाव शकुंतला कुणी ठेवलं, मला माहीत नाही. तीन घरांत विचाराल तर तीन गोष्टी ऐकाल. रेल्वेच्या कागदांवर ती नुसती पॅसेंजर. एक विनंती मात्र आताच करून ठेवते. दुष्यंताची हरवलेली अंगठी आणि विसरलेली शकुंतला, ही उपमा इतक्या भाषणांत ऐकली आहे की कान किटले. उत्तरात तेवढी टाळा.

आता मुद्द्याचं. ही गाडी अशी अधांतरी का राहिली, हे तुम्हाला माहीत असणार, पण पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्या सगळ्यांना ते माहीत असेलच असं नाही. किलिक निक्सन नावाची १८५७ पासूनची एक इंग्रजी पेढी मुंबईत होती. तिने सेंट्रल प्रोविन्सेस रेल्वे कंपनी काढली. रूळ त्या कंपनीचे, गाडी चालवायची ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेने, आणि कंपनीला तिचा वाटा मिळायचा. १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली. देशभरातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या. आमची ही अडीच फुटी, म्हणजे नॅरोगेज, लाईन मात्र कंपनीच्याच नावावर राहून गेली आणि मध्य रेल्वे ती भाड्याच्या घरासारखी वापरत राहिली. भाड्याच्या घराला रंग कोण देतो? दोघांपैकी कुणीच नाही. स्लीपर कुजले, पूल खचले, वेग आणखी उतरला.

(इथे एक गैरसमज खोडते. "अजूनही या गाडीची रॉयल्टी लंडनला जाते" असं दर स्वातंत्र्यदिनाला कुणीतरी मोबाईलवर पाठवतं आणि सगळ्यांचं रक्त उसळतं. ती पेढी केव्हाच भारतीय मालकांकडे आली. रक्त उसळायचंच असेल तर ते इथल्या इथे उसळू द्या, साता समुद्रापलीकडे जायची गरज नाही.)

हीच कथा दुसरीकडे वेगळी झाली, म्हणून ती सांगते. बार्शी लाईट रेल्वे आमच्याच मापाची, अडीच फुटी. तीही इंग्रज कंपनीची. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. घेतली म्हणून पुढे तिचा विचार करणं सरकारला भाग पडलं. वेळ लागला, पिढ्या गेल्या, पण मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर आज ब्रॉडगेज आहे आणि लातूरहून मुंबईची गाडी सुटते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली ती याच मार्गाने. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर ते दृश्य पाहताना आमच्या घरात सगळे गप्प होते. मामाजी तेवढे म्हणाले, "आपल्या रुळावर ही वाघीण उभी तरी राहिली असती का?" खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हा प्रश्न लगेच सुचतो.

त्याच वर्षी, २०१६ मध्येच, तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी शकुंतलेच्या रुंदीकरणाला १५०० कोटी रुपयांची मंजुरी जाहीर केली. पथ्रोटात पेढे वाटले होते. मीही फोनवरून माहेरच्यांचं अभिनंदन केलं, जसा काही माझ्या भावाला मुलगा झाला होता. आधी यवतमाळचा फाटा थांबला, मग अचलपूरचाही. कोरोना यायच्या आधीच दोन्ही रूळ गप्प झाले होते. लोक म्हणाले, रुंदीकरणासाठीच बंद केली असेल, घर पाडल्याशिवाय नवं कसं बांधणार. ते पाडलेलं घर अजून तसंच पडलेलं आहे.

मागच्या दिवाळीत मी पथ्रोटच्या स्टेशनावर गेले होते. जायचं ठरवलं नव्हतं, भाच्याला दाखवायला नेलं. रुळांच्या मध्ये वेडी बाभूळ माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहे. एका खिडकीची गजं कुणी नेली आहेत, चौकट ठेवली आहे. पाटीच्या खांबाला दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. भाचा आठ वर्षांचा. रुळावर पाय ठेवून त्याने दुसऱ्या रुळापर्यंत टांग टाकून पाहिली, ती आरामात पोचली. म्हणाला, "आत्या, ही लहान मुलांची होती का?" मी सांगितलं, नाही रे, सगळ्यांची होती. मग त्याने विचारलं की आता ती कुणाची आहे.

या प्रश्नाचं उत्तर मी खरोखर शोधलं आहे. शिक्षिका होते, अर्ज लिहायची सवय आहे. एका कार्यालयाने लिहिलं की हा भाग त्यांच्या अखत्यारीत येत नाही. ज्यांच्या अखत्यारीत येतो म्हणून सांगितलं, त्यांनी तिसऱ्याचं नाव सांगितलं. तिसऱ्यांकडून उत्तर आलं नाही, म्हणजे बहुधा तेच योग्य कार्यालय असावं. नाव कुणाचं घेत नाही. त्या टेबलांवर बसणाऱ्या कारकुनांच्या हातात काही नाही हे मला दिसतं. ज्यांच्या हातात थोडंफार आहे, असे तिघं या पत्राच्या पहिल्या ओळीत आहेत.

कारण बघा. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर अमरावतीच्या खासदारांकडे. मूर्तिजापूर जंक्शन अकोल्याच्या. कारंजा, दारव्हा, यवतमाळ यवतमाळ–वाशीमच्या. जिल्हे चार. प्रत्येकाच्या वाट्याला या गाडीचा एकेक तुकडा येतो आणि तुकड्यासाठी कुणी निवडणूक लढवत नाही. अमरावतीच्या उमेदवाराला अमरावती–बडनेऱ्याची चिंता, अकोल्याच्या उमेदवाराला अकोला स्टेशनाची, यवतमाळला वर्ध्याकडून येणाऱ्या नव्या लाईनची. त्यात गैर काहीच नाही. पण एका सुनेच्या तीन जावा असल्या आणि स्वयंपाक कुणाचा हेच ठरलं नाही, तर चूल पेटत नाही, एवढं घरातलं राजकारण मला कळतं.

तुम्ही म्हणाल, रस्ते झाले आहेत, आता कशाला? रस्ते झाले हे खरं. कारंज्याजवळ तर समृद्धी महामार्गावर चढायची वाटच आहे; ज्याच्याकडे मोटार आहे तो जेवून निघाला तर नागपूरला चहाला पोचतो. पण त्या रस्त्यावर मोटारसायकलसुद्धा चालवू देत नाहीत, मग पथ्रोटच्या म्हातारीचं गाठोडं कुठून चालणार? एसटीचं म्हणाल, तर मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या वरच्यांना पूर्ण माफ. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला आहे, उगाच नाकं मुरडणार नाही. पण अर्धं तिकीट काढायला आधी बस यावी लागते. माझी माय आता शहाऐंशी वर्षांची आहे. तिला प्रवास फुकट आहे आणि ती गेल्या सहा वर्षांत एकदाही कारंज्याला आलेली नाही. पथ्रोटहून परतवाडा, परतवाड्याहून अमरावती, अमरावतीहून कारंजा, अशा तीन गाड्या. प्रत्येक गाडीची पहिली पायरी तिच्या गुडघ्याच्या वर. नॅरोगेजच्या डब्यात ती बाकाखाली पथारी टाकून झोपायची आणि लाखपुरीला मी उठवायचे.

गाडी तोट्यात होती हेही म्हणाल. होतीच. पण रेल्वेच्या तिकिटाच्या तळाला बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली असायची, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. म्हणजे तोटा सगळ्या देशाच्या प्रवाशांचा आहे. तो भरून काढायची वेळ आली की हिशेबाची वही पथ्रोटलाच कशी उघडते, एवढं विचारते. आणि दिवसातून एकच गाडी, तीही तिला वाटेल तेव्हा पोचणारी. हिच्यात माणसं बसत नाहीत म्हणून ती तोट्यात गेली, की बसण्यासारखी ठेवली नाही म्हणून, हे तुम्हीच ठरवा.

एक गोष्ट मात्र मीच तुमच्या बाजूने मान्य करते. अचलपूर–परतवाड्याच्या माणसाला अमरावतीला जायचं तर सडक जवळची आहे आणि जवळचीच राहणार. तो माणूस उद्या ब्रॉडगेज झाली तरी रेल्वेने अमरावतीला जाणार नाही. त्यामुळे अहवालात अमरावतीचे प्रवासी मोजून लाईन तोट्याची ठरवू नका, आणि आमच्या बाजूच्यांनीही ते मोजून नफा दाखवू नये. ही लाईन अकोल्याकडे आणि मुंबईकडे तोंड करून आहे. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट आणि मधल्या गावांना मूर्तिजापूरशी जोडणं आणि मूर्तिजापुरातून हावडा–मुंबई मुख्य मार्गावर सोडणं, हे तिचं काम. ते सडक करते, पण वाईट करते. परतवाड्याच्या डेपोतलं मेळघाटचं सागवान, अचलपूरकडची संत्री, अंजनगावची केळी, हा माल आज ट्रकने जातो. त्यातला किती रुळावर येईल हे सांगायला मी तज्ज्ञ नाही. पण व्यापाऱ्यांना कुणी नीट बसवून विचारायला हवं.

यवतमाळ–वाशीमच्या खासदारांनी पुढचं जरा सावकाश वाचावं. वर्धा–यवतमाळ–नांदेड ही २८४ किलोमीटरची लाईन तुमच्या जिल्ह्यातून होते आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांनी यवतमाळातून वर्धा–कळंब गाडीला हिरवा झेंडा दाखवला. चांगलं झालं. यवतमाळ ब्रॉडगेजवर येणार, पुढे दारव्ह्याकडे रूळ जाणार. मग तुमच्याकडचे अधिकारी सांगतील की यवतमाळला रेल्वे मिळाली, शकुंतलेचा विषय संपला. तिथेच घात आहे. यवतमाळला वर्ध्याची वाट मिळाली, कारंज्याला काय मिळालं? नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावी दूरदूरहून दत्तभक्त येतात, ते मूर्तिजापूरला किंवा अकोल्याला उतरून काळी-पिवळी शोधतात. कापसाची एवढी जुनी बाजारपेठ, पण गाठी ट्रकने हलतात. दारव्ह्यापर्यंत नवी लाईन आली की दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर एवढाच तुकडा उरतो. तो जोडला तर अकोल्याकडून नांदेडकडे जायला एक नवीच वाट होते. याकडे शकुंतलेचं पुनरुज्जीवन म्हणून पाहू नका. दोन मोठ्या मार्गांमधला सांधा म्हणून पाहा, आणि त्या नावाने मागा. दिल्लीत आठवणींना पैसे मिळत नाहीत, सांध्याला मिळतील.

अकोल्याच्या खासदारांना सांगायचं ते थोडं आहे. अकोला–अकोट मार्ग तुमच्याच मतदारसंघात. मीटरगेज उखडली, अकोटकर पाच-सहा वर्षं हात चोळत बसले, पण २०२२ मध्ये ब्रॉडगेजवर गाडी सुरू झाली. पुढचं मेळघाटातलं जंगल आडवं आलं तरी अकोटपर्यंतचा तुकडा थांबवला नाही, आधी चालू केला. हाच न्याय मूर्तिजापूरला लावा. जंक्शन हे नाव मूर्तिजापूरच्या पाटीवर आहे. फलाटावर उतरून पाहा, कशाचं जंक्शन ते शोधावं लागतं.

आणि अमरावतीच्या खासदारांकडे सगळ्यात मोठं काम येतं, कारण अचलपूर–मूर्तिजापूर हे ७७ किलोमीटर बहुतेक तुमच्याच मतदारसंघातले. माझं म्हणणं, दोन्ही फाटे एकदम मागू नका. एकदम मागितले की आकडा मोठा होतो आणि मोठा आकडा कपाटात जातो. पहिला हा तुकडा करा. वाटेत डोंगर नाही, बोगदा नाही. पूर्णेवरचा पूल नवा लागेल, बाकी सपाट काळी माती. काळ्या मातीत भराव घालणं सोपं नसतं हे इंजिनिअर सांगतील, ते ऐका. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव याच अंजनगाव तालुक्यात आहे. हातात खराटा घेऊन जी वाट समोर दिसेल ती झाडत निघणाऱ्या माणसाच्या तालुक्यात स्टेशनावर बाभळी माजल्या आहेत. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

तिघांनी मिळून एक कागद करावा, एवढीच माझी मागणी आहे. त्या कागदावर काय असावं तेही सांगते, म्हणजे पुन्हा समिती नको. रूळ आणि जमीन आज कायद्याने कुणाची, हे रेल्वे मंत्रालयाने लेखी सांगावं आणि कंपनीचा हिशेब एकदाचा मिटवावा. २०१६ च्या मंजुरीचं पुढे काय झालं तेही त्याच उत्तरात यावं. तोवर त्या जमिनीची मोजणी करून खुणेचे दगड रोवावेत. हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घाईचं आहे. गावोगाव कुंपणं हळूहळू रुळाकडे सरकत आहेत. आज एका गोठ्याची भिंत आहे, दहा वर्षांनी तिथे दुकानांचा गाळा असेल, आणि मग तुमच्यापैकीच कुणीतरी अतिक्रमण हटवू नका म्हणून मोर्चात पुढे असेल. रागावू नका, मीही त्या मोर्चात असेन, कारण गाळा माझ्याच भावकीतल्या कुणाचा तरी असणार.

मग गाडी. मोठी एक्सप्रेस कुणी मागत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक मेमू, म्हणजे विजेवरची छोटी पॅसेंजर, अचलपूर ते अकोला, मूर्तिजापुरात मुंबईच्या गाडीशी वेळ जुळलेली. दर्यापूरच्या कॉलेजची घंटा होण्याआधी पोचणारी. गार्डाने म्हातारीसाठी थांबावं असं मी म्हणणार नाही, तो जमाना गेला. वेळेवर सुटली तरी पुरे.

आणि एक नको आहे. अधूनमधून कुणीतरी सुचवतं की जुनी अडीच फुटी गाडीच रंगवून, झेंडूची तोरणं बांधून, चिखलदऱ्याला जाणाऱ्या पर्यटकांसाठी दहा-बारा किलोमीटर फिरवावी. वारसा म्हणून. इंजिन जपून ठेवा, त्याला माझी ना नाही. मूर्तिजापूरच्या स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं करा, आम्ही नातवंडांना दाखवू. पण ज्या रुळावरून आम्ही बाळंतपणाला माहेरी गेलो त्यावर शनिवार-रविवारी सेल्फी काढायला गाडी आणि सोमवारी आम्ही पुन्हा काळी-पिवळीच्या टपावर, असं करू नका. तशी गाडी सुरू झाली की कागदावर लिहिलं जाईल "सेवा पूर्ववत", आणि मग खरी गाडी मागायला तोंडच राहणार नाही.

अचलपूरच्या स्टेशनावर या गाडीसाठी लोक सत्याग्रहाला बसले होते. त्यात माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी होत्या, ज्यांनी वर्गात उभं राहून बोलायलासुद्धा दोन वर्षं घेतली होती. त्यांचे फोटो पाहिले तेव्हा ठरवलं की आपल्याला उन्हात बसणं आता झेपत नाही, पण पत्र लिहिणं झेपतं.

बैठक घ्यायची झाली तर मूर्तिजापूरला घ्या, तिघांनाही सारखीच सोयीची. दिल्लीत नको, मुंबईत नको, हॉटेलात तर नकोच. स्टेशनाच्या नॅरोगेजच्या बाजूला घ्या. खुर्च्या मी शाळेतून सांगून ठेवीन. मायला आणायचा विचार होता, पण तिने तीन गाड्या बदलायला नकार दिला. म्हणाली, "थ्या तिघायले म्हणा, पथ्रोटले गाडी पाठवा, मी येतो."

मी येईनच. अकराची बैठक ठेवलीत तर सकाळची बस आली तर बसने, नाहीतर काळी-पिवळी भरेपर्यंत कारंज्याच्या चौकात थांबून. थोडा उशीर झाला तर सुरू करू नका, वाट पाहा.

आपली,
पथ्रोटची लेक, कारंज्याची सून,
एक निवृत्त शिक्षिका